दुपारचं पाणी, पहाटेचं पाणी

भीमेवरच्या उजनी धरणाच्या काठी असलेल्या भिगवणहून परतलेल्या माणसाच्या मोबाइलमध्ये एक फोटो हमखास असतो. उथळ पाण्यात ओळीने उभे राहिलेले रोहित (फ्लेमिंगो), माना खाली घातलेल्या, पंखांत गुलाबी-शेंदरी झाक. फोटोचा खालचा भाग मात्र बहुतेकांनी कापलेला असतो, कारण तिथे पाणी असतं आणि ते हिरवं असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुंभारगावच्या काठावरून होडीत बसताना हात पाण्यात बुडाला, तर बोटांना हिरवट साय लागते. वारा पडलेला असेल तर बाकीचं नाकाला कळतं.

मग पुण्याला परतताना गाडीत वाद होतो. एकाचं म्हणणं, पाणी इतकं घाण असतं तर एवढे पक्षी आले असते का? दुसऱ्याचं म्हणणं, पुण्याचं सगळं सांडपाणी इथेच तर येतं, पक्ष्यांना काय कळतं! दोघांच्या बोलण्यात थोडंथोडं तथ्य आहे. ते नेमकं किती, हे समजायचं तर पाण्याची तब्येत कशी तपासतात ते आधी पाहावं लागेल. उजनी त्यासाठी उत्तम उदाहरण आहे. सोलापूर याच धरणाचं पाणी पितं, पंढरपूरच्या चंद्रभागेत याच धरणातून पाणी सोडतात, आणि उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत 'उजनी उणे' असा मथळा छापला जातो तोही याच धरणाबद्दल.

आधी भूगोल. भीमाशंकरला उगम पावलेली भीमा खाली येते. पवना दापोडीला मुळेत मिसळते, मुळा आणि मुठा पुण्याच्या संगमावर भेटतात, आणि ही मुळा-मुठा पुढे जाऊन भीमेला मिळते. आळंदीची इंद्रायणी तुळापूरला भीमेत येते. म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवड ही दोन्ही शहरं ज्या उतारावर वसली आहेत, त्या उताराच्या तळाशी उजनी आहे. १९८० मध्ये धरण पुरं झालं. एकूण साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्यातला निम्म्याहून जास्त, सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा, म्हणजे पाटाला सहज न मिळणारं तळचं पाणी. पातळी त्याच्याही खाली गेली की धरण 'उणे' झालं म्हणतात. हा मृतसाठा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

साडेसात मिलिग्रॅमचं जग

मासा पाण्यातला ऑक्सिजन घेतो हे शाळेत शिकलो. पाण्यात तो किती असतो, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. ३० अंश सेल्सिअसच्या स्वच्छ पाण्यात, एका लिटरला जेमतेम साडेसात मिलिग्रॅम. बर्फासारख्या थंड पाण्यात साडेचौदाच्या आसपास. पाणी तापेल तसा ऑक्सिजन त्यातून निसटतो, म्हणून आपल्याकडच्या माशांच्या वाट्याला मुळातच कमी येतो. त्याच उन्हाळ्यात त्यांचं शरीर मात्र जास्त ऑक्सिजन मागत असतं.

या विरघळलेल्या ऑक्सिजनला प्रयोगशाळेत सगळे 'डीओ' म्हणतात. तो मोजायची जुनी पद्धत १८८८ मध्ये बुडापेस्टच्या लाजोस विंकलर यांनी बसवली आणि ती आजही चालते. बाटलीत पाणी काठोकाठ भरायचं, हवेचा बुडबुडाही राहू द्यायचा नाही, मग एकेक रसायन घालत जायचं. ऑक्सिजन असेल तर तळाशी तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढराच राहतो. पुढची मोजणी स्टार्चच्या निळ्या रंगावर होते. थेंबथेंब द्रावण घालताना निळा रंग ज्या क्षणी जातो, तिथे थांबायचं. आता पाण्यात नुसता बुडवायचा मीटर मिळतो, पण बाटलीतला तो पांढरा साका एकदा पाहिला की 'पाण्यात ऑक्सिजन नाही' या शब्दांचा अर्थ कायमचा लक्षात राहतो.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे निकष असे: आंघोळीच्या पाण्यात डीओ ५ मिलिग्रॅम किंवा जास्त हवा, मासे आणि वन्यजीवांसाठी किमान ४. सोपं वाटतं. मीटर बुडवा, आकडा वाचा, निकाल लावा.

गोची अशी की हिरव्या पाण्यात हा आकडा दिवसभर एका जागी राहत नाही. शेवाळ दिवसा ऊन खातं आणि ऑक्सिजन सोडतं. दुपारी तीन वाजता भरगच्च शेवाळाच्या पाण्यात ऑक्सिजन इतका होतो, की पाण्यात मावतो त्याहूनही जास्त भरतो. मीटर दहा, बारा, कधी त्याहून वर दाखवतो. कागदावर पाणी उत्तम! सूर्य मावळला की कारखाना बंद, पण श्वास चालूच. शेवाळ, जिवाणू, मासे, गाळातले किडे सगळे मिळून रात्रभर तोच ऑक्सिजन वापरत राहतात. पहाटे चारला त्याच जागी आकडा दोनवर, एकवर, कधी शून्याजवळ येतो. अशा पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडमीट करताना दिसतात. हवेला लागून असलेल्या त्या पातळ थरात काय थोडं उरलंय, ते मिळवायची ही धडपड असते.

आता मला सांगा, पाण्याचा नमुना घ्यायला माणूस किती वाजता येतो? पहाटे चारला तर नक्कीच नाही. गाडी निघणार, रस्त्यात चहा होणार, अकरा-बाराला काठावर पोहोचणार. तो प्रामाणिकपणे मोजतो आणि आकडाही खरा असतो, पण तो दुपारच्या पाण्याचा असतो. म्हणून पाण्याचा कुठलाही अहवाल हातात आला की मी आधी नमुना घेतल्याची वेळ शोधतो. बऱ्याच अहवालांत ती नसतेच.

दुपारी आणखी एक गोष्ट घडते. शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे पाण्याचा सामू (पीएच) चढतो, नऊच्या वर जातो. सांडपाण्यातून आलेलं अमोनियम सामू सात असताना माशाला फारसं बाधत नाही, कारण त्यातला अगदी थोडा, टक्क्याहून कमी भाग विषारी अमोनियाच्या रूपात असतो. सामू नऊ झाला की हाच भाग तिसऱ्या हिश्शावर जातो. पाण्यात वरून काहीही नवीन पडलेलं नसतं, तरी तेच पाणी जास्त विषारी झालेलं असतं. पहाटे ऑक्सिजन संपतो आणि दुपारी अमोनिया चढतो, अशी माशाची दोन्हीकडून कोंडी होते. चिलापीसारखा काटक मासा यात टिकून राहतो. काटक नसलेल्यांच्या जाती एकेक करून जाळ्यातून दिसेनाशा होतात.

भूक मोजायची बाटली

दुसरा आकडा बीओडी. नाव जड आहे, पण मोजायचं काय तर पाण्यातल्या जिवाणूंची भूक. विष्ठा, उष्टं-खरकटं, मळीचं पाणी, कुजका पाला, हे सगळं जिवाणूंचं जेवण. ते जेवतात आणि जेवताना ऑक्सिजन वापरतात. पंगत जितकी मोठी, तितका ऑक्सिजन जास्त. मग एका बाटलीत पाणी बंद करायचं, अंधारात ठेवायचं, आणि काही दिवसांनी आतला किती ऑक्सिजन संपला ते पाहायचं.

किती दिवसांनी? जगभर पुस्तकांत ५ दिवस आणि २० अंश असं सापडतं. ही पद्धत ब्रिटनमधून आली. तिथल्या नद्यांचं पाणी उगमापासून समुद्रापर्यंत पोहोचायला फार तर पाच दिवस लागतात, म्हणून पाच, असं सांगितलं जातं. आपल्याकडे पाणीही गरम आणि नद्याही लांब. भारतीय मानकात ३ दिवस आणि २७ अंश धरतात. उष्ण हवेत जिवाणू भराभर जेवतात, त्यामुळे तीन दिवसांत तेवढंच काम उरकतं. हा बदल मला फार आवडतो. परक्या हवेतलं मोजमाप कुणीतरी विचार करून आपल्या हवेला बेतून घेतलंय.

घरगुती मैलापाण्याची बीओडी लिटरला २०० ते ३०० मिलिग्रॅम असते. आंघोळीच्या पाण्याची मर्यादा ३. मधलं अंतर कापायचं काम मैलाशुद्धीकरण केंद्राचं. तिथेही जिवाणूंनाच जेवू घालतात, फक्त टाकीत, भरपूर हवा देऊन, म्हणजे तोच ऑक्सिजन नदीतून जायला नको. केंद्र नीट चाललं तर बीओडी खाली येते, पाणी नितळ दिसतं, वास जातो. काम झालं, असं इथे वाटतं. उजनी हिरवी होण्याचं मुख्य कारण मात्र याच वाटण्याच्या मागे लपलेलं आहे.

स्फुरद

खताच्या पोत्यावर तीन आकडे असतात: नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश. जिवाणूंनी घाण खाल्ली तरी घाणीतलं नत्र आणि स्फुरद नाहीसं होत नाही, ते पाण्यात विरघळून पुढे जातं. साध्या शुद्धीकरणात त्यातला थोडाच भाग अडतो. शुद्ध केलेलं, वास नसलेलं, बीओडीच्या निकषात बसणारं पाणी हे शेवाळाच्या दृष्टीने द्रवरूप खत असतं.

यातलं नत्र महत्त्वाचं की स्फुरद, यावर एकेकाळी जोरदार वाद होता. त्याचा निकाल लावणारा प्रयोग १९७३ मध्ये कॅनडात झाला. ऑन्टारियो प्रांतात संशोधनासाठीच राखून ठेवलेली काही तळी आहेत. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या २२६ क्रमांकाच्या तळ्याच्या मधोमध पडदा टाकून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र टाकलं, दुसऱ्यात कार्बन, नत्र आणि स्फुरद. त्याच उन्हाळ्यात विमानातून फोटो काढला तेव्हा स्फुरद टाकलेला अर्धा भाग हिरवागार होता आणि पडद्यापलीकडचं पाणी पूर्वीसारखंच गडद. या एका फोटोने जेवढं काम केलं, तेवढं शेकडो तक्त्यांनी केलं नसेल. कारण असं, की निळ्या-हिरव्या शेवाळातल्या काही जाती हवेतलं नत्र स्वतः पकडतात. नत्राची टंचाई त्यांना अडवत नाही. स्फुरद हवेत नसतं, त्यासाठी त्यांना कुणीतरी वाढावं लागतं. (नत्रही रोखलं पाहिजे असं म्हणणारे शास्त्रज्ञ आजही आहेत, आणि समुद्राजवळच्या पाण्यात त्यांचं म्हणणं बरंच पटतं.)

आता थोडं अंकगणित करू. ते कागदावरचं आहे, पण डोळे उघडणारं आहे. माणूस रोज साधारण एक ते दीड ग्रॅम स्फुरद शरीराबाहेर टाकतो. २०११च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून लोकसंख्या ४८ लाखांच्या घरात होती. माणशी एकच ग्रॅम धरलं, तरी रोजचं जवळपास ५ टन होतं. तळ्याच्या पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम स्फुरद झालं की शास्त्रज्ञ त्याला अतिपोषित म्हणतात. हे ५ टन स्फुरद त्या मर्यादेपर्यंत आणायला किती पाणी लागेल? पाच कोटी घनमीटर, म्हणजे पावणेदोन टीएमसी. एका दिवसाच्या स्फुरदाला पावणेदोन टीएमसी! ११७ टीएमसीचं भरलेलं धरण या हिशेबाने ६६ दिवसांत मर्यादा गाठतं.

हे सगळं उजनीत पोहोचत नाही, हे उघड आहे. काही शुद्धीकरणाच्या गाळात अडतं, काही शेतात जातं, काही नदीच्या पात्रात बसतं, पावसाळ्यात सांडव्यावरून पुढेही वाहून जातं. पण यात धुण्याच्या पावडरी, कारखाने आणि दोन्ही काठांवरच्या उसाला घातलेलं खत मी धरलेलंच नाही.

एक ग्रॅम स्फुरदावर शंभर ग्रॅमच्या पुढे सुकं शेवाळ उगवू शकतं. ते शेवाळ मेल्यावर कुजतं आणि कुजताना सुमारे १४० ग्रॅम ऑक्सिजन खातं. ज्या पाण्याची बीओडी केंद्रातून बाहेर पडताना उत्तम होती, त्यानेच धरणात जाऊन नवी बीओडी पैदा केली. दाराबाहेर काढलेली घाण खिडकीतून आत आली म्हणा.

निळं-हिरवं शेवाळ म्हणतो ते खरं तर जिवाणूच आहेत, आणि फार हुशार. त्यांतल्या मायक्रोसिस्टिससारख्यांच्या पेशीत वायूच्या बारीक पिशव्या असतात. त्यांच्या जोरावर ते पृष्ठभागावर येऊन बसतात, खालच्यांचं ऊन अडवतात, आणि कुणीतरी हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसतो. त्यातल्या काही जाती मायक्रोसिस्टिन नावाचं यकृताला घातक विष बनवतात. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा लिटरला एक मायक्रोग्रॅम ठेवली आहे. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरू शहरात असं पाणी डायलिसिससाठी वापरलं गेलं आणि ५०हून जास्त रुग्ण दगावले. हिरवा तवंग म्हणजे विष असतंच असं नाही, तपासल्याशिवाय कळत नाही. पण एक गोष्ट घरोघरी माहीत असायला हवी: हे विष उकळून जात नाही. उलट पेशी फुटून ते पाण्यात मोकळं होतं.

मग पक्षी का येतात?

जेवायला. उजनीवर प्रामुख्याने येतो तो मोठा रोहित. चोच उलटी धरून तो गाळ गाळतो आणि त्यातल्या अळ्या, बारीक कवचधारी जीव, बिया खातो. पोषण जास्त झालेल्या गाळात लालभडक अळ्या माजतात. या डासासारख्या दिसणाऱ्या, पण न चावणाऱ्या माशीच्या अळ्या. त्या लाल का, तर त्यांच्या अंगात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या गाळातही त्या जगतात. पाणवठ्याच्या किड्यांवरून पाण्याला गुण द्यायची एक ब्रिटिश पद्धत आहे. तीत स्वच्छ वाहत्या पाण्यातल्या नाजूक मे-माशीच्या कुळांना १० गुणांपर्यंत मिळतात. आपल्या या लाल अळीला २. पक्ष्यांची गर्दी खरी आहे, आणि ती ज्या ताटावर जमली आहे त्याचे गुण दहापैकी दोन आहेत.

ठाण्याच्या खाडीत गोष्ट आणखी सरळ आहे. तिथे मोठ्या संख्येने येणारा छोटा रोहित निळं-हिरवं शेवाळच खातो. तीच खाडी २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे. पक्षी अन्नाची साक्ष देतो, स्वच्छतेची नाही. आणि ही मेजवानी कधी उलटेल ते सांगता येत नाही. २०१९च्या नोव्हेंबरमध्ये राजस्थानच्या सांभर सरोवरावर हजारो पक्षी मेले. कारण बॉट्युलिझम, म्हणजे ऑक्सिजन नसलेल्या ठिकाणी वाढणाऱ्या जिवाणूचं विष.

निकषांचंही तारतम्य हवं. लोणारच्या पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो. कुठल्याही सरकारी तक्त्यात ते नापास होईल, पण तीच त्याची तब्येत आहे. तिथे गोडं पाणी वाढणं हाच आजार. २०२०च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं तेव्हा लोक घाबरले होते. पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत रंगाचं कारण निघालं खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव.

गाळाची आठवण

समजा, उद्यापासून उजनीत येणारं सगळं स्फुरद थांबलं. पाणी निवळेल? लगेच नाही. इतकी वर्षं आलेलं स्फुरद गाळात बसलंय. गाळातलं लोह त्याला धरून ठेवतं, पण तळाशी ऑक्सिजन आहे तोवरच. ऑक्सिजन संपला की लोहाचं रूप पालटतं, ते विरघळतं, आणि हातातलं स्फुरद सुटून पुन्हा पाण्यात येतं. त्यातून शेवाळ वाढतं, ते मरून तळाशी कुजतं, तळाचा ऑक्सिजन संपतो, आणखी स्फुरद सुटतं. तळं आपल्याच खतावर पोसायला लागतं.

म्हणून मृतसाठा लक्षात ठेवायला सांगितलं. तो पाटाला नीट मिळत नाही म्हणून 'मृत', पण मासे, शेवाळ, गाळ सगळं त्यातच जिवंत असतं. २०२४च्या उन्हाळ्यात उजनी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली. उरलेलं पाणी उथळ, कोमट आणि जुन्या गाळाला चिकटलेलं.

जलपर्णीचंही असंच. ती स्फुरद शोषून घेते, हे खरं. काढून काठापासून दूर नेली तर तेवढं स्फुरद धरणाबाहेर गेलं. औषध फवारून जागेवर मारली, तर ती बुडते, कुजते आणि घेतलेलं सगळं परत करते. वर ऑक्सिजन खाते तो वेगळा.

सुधारणा होऊच शकत नाही असं मात्र नाही. अमेरिकेत सिएटलजवळचं लेक वॉशिंग्टन १९५०च्या दशकात असंच शेवाळलं होतं. १९६३ ते १९६८ या काळात शहराचं सांडपाणी टप्प्याटप्प्याने दुसरीकडे वळवलं आणि काही वर्षांत पाणी निवळलं. पण ते तळं खोल, आणि सांडपाणी वळवायला जवळ समुद्र. उजनी पसरट आहे आणि तिच्या खाली पंढरपूर आहे.

आपल्याकडे एक वेगळी सोय आहे, तिच्याकडे या नजरेने फारसं कुणी पाहत नाही. उन्हाळ्यात पाणी हटलं की लोक उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर करतात. पिकाने जुन्या गाळातलं स्फुरद उचललं आणि ते बाजारात गेलं, तर धरणाचा फायदाच. त्याच जमिनीत नवं डीएपी, म्हणजे स्फुरदाचं खत टाकलं, तर जुलैत पाणी चढल्यावर ते थेट धरणात. धरणांतला गाळ काढून शेतात टाकायची सरकारी योजनाही २०१७ पासून आहे. शहराखालच्या धरणाचा गाळ असेल तर त्यातले जड धातू आधी तपासावेत, कारण ते कुजत नाहीत आणि पिकातून ताटात येऊ शकतात.

जूनअखेर घाटमाथ्यावर पाऊस लागतो, खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडतात, आणि सोलापूर जिल्हा दौंडच्या विसर्गाच्या आकड्याकडे डोळे लावून बसतो. किती क्युसेक आलं, उजनी उण्यातून अधिकात कधी येणार. त्या पहिल्या लोंढ्यात नदीपात्रात उन्हाळाभर साचलेला मैला, जलपर्णी आणि काळा गाळ सगळं एकदम येतं. पाणी मोजणारी यंत्रणा तिथे रात्रंदिवस जागी असते. त्याच लोंढ्याचा डीओ पहाटे चारला कुणी मोजला, तर तो आकडाही क्युसेकच्या शेजारी छापायला हरकत नाही.